ढोलीच्या तोंडावरचा पंजा

श्रीगणेशाचे आणि अन्नपूर्णेचे स्मरण करून, यंदाच्या अक्षय्य तृतीयेस शेतावरील जुने कोठार नव्याने शाकारले, त्या निमित्ताने हे लिहितो.

कोठार आजोबांनी बांधले. त्यात बियाण्याच्या धानाची ढोली: बांबूच्या कामट्यांनी विणलेली, शेणामातीने लिंपलेली, माणसाहून उंच. पुढे वडिलांनी कोठाराच्या भिंतीला टेकवून गोठा उभारला. ढोलीचे तोंड मातीने बंद करून घरधन्याने त्यावर पंजा उमटवायचा, हा आमचा कुलाचार. वडिलांमागे तो पंजा माझा.

पौषात पंजा उमटवला. माघात ढोलीवर बोटे वाजवली, तर वरचा भाग पोकळ. ठसा अभंग, आणि धान उतरलेले! कोठाराच्या किल्ल्या दोन: एक माझ्या जानव्याला, दुसरी अर्धे आयुष्य आमच्याकडे घालवलेल्या सालगड्याकडे. मी त्याला विचारले नाही. विचारले असते तर पाप कमी लागले असते. संध्येनंतर उंबऱ्याआत भस्म पसरू लागलो आणि सकाळी त्यात पावले शोधू लागलो.

एके सकाळी तो मागे येऊन उभा राहिला. "राखेत काय पाहून राहिले, महाराज? माहे पाय पाहाचे असन त हे घ्या." त्याने दोन्ही पाय भस्मात रोवले. "अक्तीले साल संपते. मी लेकीकडे अड्याळले चाललो."

अक्ती म्हणजे अक्षय्य तृतीयाच. त्या दिवशी गड्याचे साल नवे होते. मी त्याला थांब म्हटले नाही. जातो आहे, म्हणजे चोरच, असेही मनात आले.

अक्तीला कौले उतरवताना ढोली रिकामी करून हलवली. तिच्या तळाशी धान काढण्याचे भोक होते. आजोबांच्या काळी ते भिंतीतून बाहेर अंगणात उघडत असे. वडिलांच्या गोठ्याने ते पोटात घेतले, आणि पुढे ते कुणाच्या ध्यानातच राहिले नाही. त्यातला चिंध्यांचा बोळा कुजून बियाणे थेट गव्हाणीत झरत होते. थोरल्या बैलाच्या तुकतुकीचे श्रेय मी नित्याच्या गोग्रासाला देत आलो होतो!

गाठोडे बांधून निघालेला सालगडी वाकून पाहून हसला. "चोर सापडला, महाराज. शिंगं हायेत त्याले."

मी हात जोडले. भोक बुजवून, धान परत भरून तोंड पुन्हा लिंपले, तेव्हा म्हणालो, "आजपासून पंजा तुझाही, बाबा."

"काहून? उद्या धान घटलं त मलेच धरसाल." त्याने गाठोडे खाली ठेवले. मग माझ्या पंज्याशेजारी त्याने आपला उमटवला. "आता मले इचारल्याबिगर तुमी बी खोलाचं नाई."

गाठोडे त्याने परत खुंटीला अडकवले. तेव्हापासून रोज सकाळी तो दोन्ही ठसे तपासतो. माझा जरा अधिक वेळ.

वाचकहो, आपल्या घरचे धान्य न सरो, ते राखणाऱ्या हातांवरचा विश्वास त्याआधी न सरो, आणि अन्नपूर्णा आपल्या कुटुंबाचे कल्याण करो.