आईची पळी आणि जरूनचं इंजिन

नावेला लावायची लांब शेपटीची मोटर पहिल्यांदा कुणी काढली, हे बँकॉकच्या पश्चिमेला आमच्या कालव्यांवर कुणाला विचारू नये. प्रत्येक कालव्याचा आपापला संशोधक आहे आणि तो हटकून सांगणाऱ्याचा काका निघतो. आमच्या कालव्यावर तो मान जरूनचा. जरून म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, पयोमचा नवरा. आता पोरंटोरं त्याला इंजिनमामा म्हणतात. पण साठ सालाच्या आधी नवरा होणं राहू द्या, त्याला आमच्या घाटाच्या पायरीवर उभं राहायचीसुद्धा चोरी होती.

कारण आमची आई. सेंगमावशी म्हटलं की भले भले वल्हं आवरून गप्प बसायचे. नावेत चूल, चुलीवर रश्श्याचं पातेलं, पातेल्यामागे आई आणि आईच्या हातात लांब दांड्याची पळी. तांदळाच्या शेवया विकून तिनं आम्हा दोघींना वाढवलं, त्यामुळे रस्सा हिंदकळवणारा प्रत्येक माणूस तिचा वैरी.

जरून भातगिरणीत पंपावर कामाला होता. रोज शेवया खायला यायचा. खरं तर पयोमला बघायला यायचा, पण आईनं मान वर केली की नजर पळीवर.

“काय बघतोस रे मेल्या?”

“पळी बघतोय, मावशी.”

“डोक्यात बसेल हं!”

आणि बसलीच की! आमच्या कालव्यात जलपर्णी एवढी, की साध्या मोटरचा पंखा पाण्यात घातला रे घातला की अडकलाच. आई काय करायची, तर पळीला शेवया गुंडाळल्या की ती उचलायची, झटकायची आणि परत बुडवायची. जरूननं तेच केलं. जुन्या पंपाचं इंजिन नावेच्या मागच्या टोकाला बसवलं, त्याला हा लांबलचक दांडा जोडला, दांड्याच्या शेवटी पंखा. जलपर्णी आली की दांडा उचलायचा, पुढे गेलं की बुडवायचा. एवढंच. पण एवढंच आधी कुणाला सुचलं होतं का?

नाव पाण्यात उतरायच्या आधीच तो पयोमला मागणी घालायला आला. आई पायरीवरच कडाडली, “ज्या दिवशी मी त्या फटफटीत बसेन, त्या दिवशी पोरगी देईन! म्हणजे कधीच नाही, कळलं?”

पयोमनं चूल फुंकता फुंकता सांगून टाकलं, “मग मी जन्मभर चूलच फुंकते.” आणि ती बोलेल तशी वागणारी. मला तिची काळजी वाटायला लागली.

आई तडक तक्यानदेवीकडे गेली. कालव्याच्या वरच्या तोंडाशी तक्यानचं जुनं झाड आहे, त्यात ती राहते. नवसाला पावते, पण थकबाकी ठेवत नाही. आईनं नवस केला, “त्याचं इंजिन बुडव, टोपलीभर उकडलेली अंडी वाहीन.”

मोटर सुरू झाली त्या दिवशी सगळा कालवा बघायला लोटला. नाव सुटली, लाट उठली, आईचं पातेलं कलंडलं आणि तिनं शिव्यांसाठी तोंड उघडलं, तोच खिळे निसटून इंजिन गडप! लोक हसले. आईचं तोंड मात्र तसंच उघडं राहिलं.

जरूननं बुड्या मारून इंजिन वर काढलं, रॉकेलनं धुतलं आणि पुन्हा बसवलं, या वेळी चांगलं पक्कं. झालं, आईला पळवाट सापडली. “बुडालं खरं, पण वर आलं ना? मग कसला नवस?”

देवीला हा हिशेब पटला नाही. रस्सा रोज आंबायला लागला. मग आईचा खांदा धरला, पळी उचलेना. गिऱ्हाईक शेजारणीच्या नावेकडे वळलं तेव्हा आई घाबरली. तिनं अंडी उकडली. पण पूर आलेला, पाणी वरून रोरावत येतंय, त्यात वल्हं मारणार कोण? आमच्या चुलतभावांनी कानांवर हात ठेवले.

“लमाई,” आई मला म्हणाली, “बोलाव त्याला.”

“कुणाला?”

“आता नाव घ्यायला लावतेस होय गं, अवदसे!”

जरून आला. नाव पायरीला लावली. आईनं नावेच्या नाकावरच्या फुलांच्या हाराला हात जोडले आणि डोळे मिटून बसली. मी तिच्या मागे. मोटर फटफटत पुराच्या उरावरून निघाली. आई वाटभर टोपलीला बिलगून. अंडी उकडलेली होती, फुटून फुटून फुटणार किती, पण तिला कोण सांगणार!

आमच्याकडे नवस फेडताना तो मोठ्यानं बोलून दाखवावा लागतो. आईनं उदबत्ती लावली. शेजारी टोपली धरून जरूनच गुडघे टेकलेला.

“आई गं,” ती देवीपुढे पुटपुटली.

“मोठ्यानं,” मी म्हटलं.

“आई गं! या... या माणसाचं इंजिन बुडव म्हणून मी बोलले होते. तू बुडवलंस. ही घे अंडी.”

मी जीभ चावली. जरूननं टोपली शांतपणे पुढे ठेवली. मग सदऱ्याच्या आतून हिरवं रेशमी वस्त्र काढलं. घडीवरून जुनं दिसत होतं.

“आई गं, सेंगमावशी एकदा माझ्या नावेत बसू देत म्हणून मी बोललो होतो. तू बसवलंस. हे घे.”

आई झाडाकडे बघतच राहिली. “दोघांकडून घेतलंस होय गं, लबाडे!” मग जरूनकडे वळली. “आणि हे कापड कधी घेतलंस रे?”

“बोललो त्याच दिवशी.”

आईनं टोपलीकडे हात नेला. वाहिलेल्या अंड्यांतलं एक तिनं उचललं, दुखऱ्या हातानंच सावकाश सोललं आणि त्याच्या पुढे धरलं. मला एकदम रडूच आलं.

“खा. पण ध्यानात ठेव, इंजिन तुझं असेल, पळी माझी आहे.”

“हो मावशी. आणि पयोम?”

“पयोमचं काय विचारतोस? ती तर घाटावरच दिली. बसले नाही का मी तुझ्या फटफटीत?”