तिचा शुक्रवार

आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच आडपडदा नको. आमच्या घरी काम करणाऱ्या पोरीची चार वर्षांची लेक आईला ओळखेनाशी झाली, आणि त्याला कारण आम्ही दोघं. तेही भक्तीच्या नावाखाली.

आम्ही नवराबायको नगरचे ख्रिस्ती. केनियातल्या एका खेड्यात मिशनच्या दवाखान्यात उभी हयात काढली. हे डॉक्टर, मी नर्स, आणि रोज सकाळची उपासनाही आमच्याकडेच. आता हातपाय थकले म्हणून मुलानं आम्हाला बहारीनमध्ये रिफाला स्वतःकडे आणलंय. व्हिला मोठा, एसी गारेगार, काम काडीचं नाही. बसून बसून मला माझाच राग येतो.

त्यात मुलाकडे कामाला असलेली पोर निघाली केनियाची, तीही ख्रिस्ती. स्वाहिली बोलायला माणूस मिळालं, आमच्या आनंदाला पारावार राहिला नाही! ती आम्हाला बाबू आणि बिबी म्हणायची, म्हणजे आजोबा आणि आजी. तिला सुट्टी फक्त शुक्रवारी. इथं चर्चही शुक्रवारीच भरतं. ह्यांनी पहिल्याच आठवड्यात फर्मान काढलं, "पोरी, आमच्याबरोबर उपासनेला यायचं हं."

"सावा, बाबू," ती म्हणाली. सावा म्हणजे बरं.

झालं! वर्षभर दर शुक्रवारी ती माझ्या शेजारी. गळा असा गोड की लोक मागं वळून बघायचे. हे चर्चच्या मंडळीत सांगत सुटायचे, "आफ्रिका आमच्या मागोमाग आली बरं का!" आणि मी कौतुकानं हसायची. एकदा भर प्रार्थनेत तिच्या पर्समध्ये फोन घुरघुरला. माझा पाराच चढला. "देवाच्या घरात कसला गं मेला फोन?" म्हणून मी तो काढून घेतला आणि बंद करून माझ्याकडे ठेवला. पुढं तसाच पायंडा पडला. दारातच ती आपणहून फोन माझ्या हातात द्यायची. मला वाटायचं, काय वळण लावलंय मी पोरीला!

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी मला ताप भरला. हे एकटेच गेले आणि ती माझ्यापाशी थांबली. पाणी प्यायला म्हणून स्वैपाकघरात गेले, तर मागच्या पायरीवर बसून ती व्हिडिओ कॉलवर बोलत होती. पडद्यावर एक म्हातारी आणि तिच्या कुशीत तोंड खुपसलेली चिमुरडी. म्हातारी म्हणत होती, "बघ तरी, तुझी आई." त्यावर पोरगी किंचाळली, "नाही! माझी आई तूच!"

भाषा येत नसती तर बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

मग खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. लेक डोंगरात आजीजवळ असते, तिथं फोन लागत नाही. शुक्रवारी आजी बाजाराला खाली उतरते, नातीला घेऊन येते, आणि सकाळच्या त्या तासाभरातच दुकानदाराच्या फोनवरून बोलता येतं. त्या तासाला आम्ही गाणी म्हणत होतो, आणि तिचा फोन माझ्या पर्समध्ये होता.

"अगं बये, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मालकाचे आईवडील, बिबी," ती म्हणाली. रागावून नाही, साधंच म्हणाली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

दुपारी ह्यांना सांगितलं. हे म्हणतात कसे, "तिनं नाही म्हणायचं होतं मग."

मी भडकलेच. "अहो, तिकडं तरी कुणी आपल्याला कधी नाही म्हणालं होतं का?"

दवाखान्यात आधी उपासना, मग औषध, असा आमचा नियम होता. तापानं फणफणलेली पोरं मांडीवर घेऊन बाया बाकांवर गात बसायच्या. आणि आम्ही नगरच्या मंडळीला अभिमानानं लिहायचो की इथले लोक देवाच्या वचनाला किती तहानलेले आहेत! तहान कसली, डोंबल! अडला हरी, दुसरं काय. आम्ही पोरं वाचवली, ते काही खोटं नाही. पण त्यातल्या किती जणी मनापासून गात होत्या, हे आम्ही कधी विचारलंच नाही. ह्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी तिला घरीच राहू दे."

पुढच्या शुक्रवारी आम्ही तिला म्हटलं, "तू घरीच थांब, लेकीशी बोल." तरी ती चांगले कपडे घालून गाडीपाशी येऊन उभी.

"माझी आई आता लेकीला बाजारात आणत नाही, बिबी. फोन बघितला की पोर रडायला लागते."

गाडीत ती माझ्या शेजारी बसली. माफी मागायची म्हणून मी तिचा हात धरला, आणि न मागताच सोडून दिला. मागितली असती तर तिनं लगेच दिली असती. माफीला तरी नाही म्हणायची सोय तिला कुठं होती?