बटणांचं यंत्र

आमच्या भावकीत वस्तू मी निवडतो. हे कुणी ठरवलेलं नाही. निपाणीकडच्या आमच्या खेड्यात आमच्या घरातून कॉलेज पुरं केलेला मी पहिला. इंजिनिअरिंगचा निकाल लागला त्या आठवड्यात चुलत्यांनी विहिरीवरच्या पंपाबद्दल विचारलं आणि तेव्हापासून हे काम माझ्याकडे लागलं ते लागलंच. मावशीचा मिक्सर, आत्याच्या जावयाची गाडी, कुणाच्या तरी डोळ्यात बसवायची लेन्स. फोन मलाच येतो. मी बेंगळुरात, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासतो. लेन्समधलं मला काय कळणार? पण "मला माहीत नाही" असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही. म्हणवतच नाही. एवढं शिकवलं त्यालाच ठाऊक नसेल तर कुणाला असणार, असं समोरचा धरून चालतो, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

त्यामुळे झाडीत वापरायचं जीपीएस यंत्र घ्यायचं ठरलं तेव्हा ते मीच निवडणार, यात कुणालाच शंका नव्हती. हे यंत्र अक्काच्या हातात जायचं होतं, एवढाच काय तो फरक.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. बेंगळुरातच, येलहंक्यात, आमच्या मागच्याच गल्लीत राहते. दाजी एका कंपनीची बस चालवतात, मुलं नोकरीला लागून बाहेरगावी गेली. ती घरी बसून साड्यांना फॉल लावते. हा डब्या शोधायचा नाद मला कारखान्यातल्या एका सोबत्याने लावला. कुणीतरी झाडीत, दगडाखाली, झाडाच्या ढोलीत एखादी झाकणाची डबी लपवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतं. आपण ते आकडे घेऊन जायचं, डबी शोधायची, आतल्या कागदावर सही करायची आणि होती तशी परत ठेवायची. बायकोने पहिल्याच दिवशी हात जोडले. काटे तुडवत जायचं आणि प्लास्टिकची डबी बघून परत यायचं, याला तुमच्यात खेळ म्हणतात का, असं तिने विचारलं. एका रविवारी सोबत कुणीच नव्हतं म्हणून अक्काला नेलं. पुढच्या रविवारी मी दार वाजवायच्या आत ती चपला घालून उभी.

येलहंक्याच्या पुढे, जिथं विमानांचा आवाज अजून येत असतो, तिथं एका तळ्यामागे निलगिरीची लागवड आहे आणि तिच्या पोटात बांबूचं दाट बेट. त्या बेटातल्या एका डबीने आम्हाला दमवलं होतं. मोकळ्यावर फोन नीट जागा दाखवतो. झाडांच्या छपराखाली मात्र उपग्रहाचे संदेश खोडांवर आणि पानांवर आपटून उलटसुलट येतात आणि फोनवरचा निळा ठिपका बेडकासारखा उड्या मारायला लागतो. मी त्या ठिपक्यामागे आणि अक्का माझ्यामागे, असे आम्ही त्या बेटाला किती फेरे घातले असतील कोण जाणे. शेवटच्या वेळी हात हलवत परत येताना आम्ही तळ्याच्या बांधावर चुरमुरे खात बसलो. झाडीसाठी वेगळं यंत्र मिळतं, ते घ्यावं म्हणतोय, असं मी बोललो.

"घे की," अक्का म्हणाली. "पण मग मी पुढं आणि तू मागं. ही डबी माझी मला काढायची हाय."

मी हसलो. ती हसली नाही. चुरमुऱ्यातला एक खडा काढून टाकत म्हणाली, "आजवर ज्या ज्या जागा बघितल्या, त्या कुणाच्या तरी पाठीकडं बघत बघितल्या रं मी."

बरं, म्हणालो मी. कबूल.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत यंत्रांचे व्हिडिओ बघायचे, लोकांनी लिहिलेलं वाचायचं. एकाहून जास्त लहरींवर उपग्रह पकडणारं असेल तर दाट झाडीत कमी चुकतं. पाणी लागलं तर चालायला हवं. सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे असले तर जंगलात चार्जिंगची फिकीर नाही. सोबती माझी चेष्टा करायचे. काय सर, डबी शोधताय की तेल, म्हणून एकाने विचारलं. शेवटी दोन यंत्रं उरली. एक रबरी अंगाचं, बटणांचं, छोट्या पडद्याचं. जुन्या फोनचा थोरला भाऊ दिसावा असं. दुसरं मोठ्या रंगीत काचेचं, बोटाने नकाशा सरकवायचं. झाडीत दोन्ही सारखीच पकडतात, हे मी वाचलं होतं. हे इथं लिहून ठेवणं भाग आहे, कारण नंतर मी स्वतःलाच वेगळं सांगायला लागलो.

दुकानात अक्काला बरोबर नेलं. शहराच्या मध्यात, जिन्यावरचं दुकान. दुकानदाराने दोन्ही यंत्रं काउंटरवर ठेवली. अक्काने न विचारता बटणांचं उचललं. अंगठा एकेका बटणावरून फिरवला. प्रत्येक बटण टक् करायचं. बाण वर गेला, खाली आला. तिने ते उजव्या हातातून डाव्या हातात घेऊन बघितलं, पुन्हा उजव्यात घेतलं.

"हे बरं हाय," ती म्हणाली. "दाबल्यालं कळतंय."

दुकानदार मला हिंदीत सांगत होता की ते जुनं मॉडेल आहे, आता सगळे दुसरंच नेतात. आणि मी, त्याच्याकडे बघत, अक्काला म्हणालो, "तुला त्यातलं काय कळतंय?"

रागाने नाही म्हणालो. त्याने ते जास्त वाईट झालं असं मला आता वाटतं. पाण्याचा ग्लास बाजूला सरकवावा इतक्या सहज म्हणालो. दुकानदाराला मराठी येत नसावी, पण त्याला काय ते कळलं. त्याने मोठ्या काचेच्या यंत्राचं खोकं माझ्यापुढे सरकवलं. अक्काने बटणांचं यंत्र खाली ठेवलं, सरळ केलं, हात पदराला पुसले. सरी, सरी, म्हणजे बरं, बरं, असं ती दुकानदाराला कन्नडमध्ये म्हणाली, जणू चूक तिने केली होती.

ते काचेचं का घेतलं? कारखान्यात जेवणाच्या टेबलावर, सोबत्यांपुढे काढून ठेवायला ते शोभणार होतं. दुसरं कारण मी पुष्कळ शोधलं, मिळालं नाही.

घरी आल्यावर तिने त्याला हळद-कुंकू लावलं, देवापुढे ठेवलं, आणि काचेवर कुंकू सांडू नये म्हणून पदराने आडोसा धरला. आमच्यात नवं यंत्र आलं की हे करायचंच. कारखान्यात आयुधपूजेला आम्ही मोठमोठ्या यंत्रांना करतो, तसंच. तिचं मन मोठं आहे असं मला तेव्हा वाटलं. तिचा एक शब्द मी ऐकला नाही आणि ती माझ्या वस्तूची पूजा करते आहे, असं काही वाटलं नाही.

रविवारी बसने निघालो. बायकांना बस फुकट, त्यामुळे कंडक्टरने मला तिकीट दिलं की अक्का दर वेळी तेच म्हणते: शिकल्याल्यांना पडतंय, आमाला माफ हाय. त्या दिवशीही म्हणाली. निलगिरी सुरू झाली तिथं मी यंत्र चालू करून तिच्या हातात दिलं आणि ठरल्याप्रमाणे मागे झालो.

तिने पडद्यावर बोट टेकवलं. काही झालं नाही. पुन्हा टेकवलं, दाबलं. मग बोट घासलं. नकाशा जागचा हलेना. तिने अंगठा लावून बघितला, मग बोटाचं पेर. पेराने कसाबसा एक चौकोन उघडला आणि लगेच भलताच दुसरा.

मला हे ठाऊक होतं. तिच्या फोनचंही असंच आहे. अक्का फोनला टिचक्या मारते म्हणून आम्ही घरात हसतो, आणि सगळ्यात आधी हसलो होतो मी. शाळा सुटल्यापासून लग्नापर्यंत आणि लग्नानंतरही कितीतरी वर्षं तिने मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड नखाने दुमडायचं. नंतर इथं फॉलची सुई. तिच्या अंगठ्याची आणि पहिल्या दोन बोटांची टोकं गुळगुळीत, कोरडी, जाड झाली आहेत. काचेला ती बोटं कळत नाहीत. माझी फी कुठून गेली हे मला कुणी कधी ऐकवलेलं नाही, आणि ऐकवायची गरजही नव्हती; मी त्याच घरात होतो. मापं तपासण्याचा मी पगार घेतो. दुकानात त्या काचेवर तिचं बोट एकदा ठेवून बघायचं मला सुचलं नाही.

"दे इकडं," मी म्हणालो.

तिने दिलं. मी पुढे झालो. यंत्र उत्तम होतं. बाण जरासुद्धा हलला नाही. त्याने मला सरळ बेटाच्या मागच्या अंगाला नेलं, एका तुटक्या बांबूच्या बुडख्याशी, आणि पालापाचोळा बाजूला केला तर खाली ती हिरवी डबी. इतके फेरे मारून न सापडलेली. मी ओरडायला तोंड उघडलं आणि मागे वळून बघितलं. अक्का बेटाच्या कडेलाच थांबली होती. माझ्या पाठीकडे बघत.

डबीतला कागद मी तिच्यापुढे धरला. दर वेळी ती त्यावर सही करायची, मराठीत, सावकाश.

"तू काढलीस, तू लिही," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं.

मी डबी परत ठेवली, पाला सारखा केला. पण सापडलेली डबी पुन्हा न सापडलेली करता येत नाही. ती कुठं आहे हे आता अक्कालाही माहीत होतं.

पुढच्या रविवारी तिच्याकडे फॉलच्या साड्या पुष्कळ आल्या होत्या. त्याच्या पुढच्याही. नंतर मी दार वाजवलं तेव्हा दाजी बाहेर आले आणि तिचे गुडघे दुखतात म्हणाले. आत शिलाई मशीन चालू होती, पायाने चालवायची. मी एकटा दोनदा जाऊन आलो. डब्या सापडल्या. जेवणाच्या टेबलावर यंत्राचं कौतुक झालं.

त्याच दिवसांत चुलतभावाचा फोन आला, आईसाठी वॉशिंग मशीन कुठलं घेऊ म्हणून. मी सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. चालवणार कोण, असं विचारलं. आई चालवणार, पण विचारतोय मी, तो म्हणाला. मग तिला दुकानात ने आणि तिला बघू दे, असं मी म्हणालो. काय चुकलं का आमचं, असं त्याने विचारलं.

मी त्या जिन्यावरच्या दुकानात परत गेलो. वापरलेलं यंत्र ते परत घेणार नव्हते, मी विचारलंही नाही. बटणांचं घेतलं. आणि अक्काच्या घरी जाताना, एवढा रस्ता चालून, मनात सगळं जुळवून, तिच्यापुढे उभा राहिल्यावर मी काय म्हणालो? म्हणालो, "ते काचेचं बिघडलं अक्का. हे आणलं."

तिने सुई साडीत खोचली.

"बिघडलं न्हाई ते. माझं बोट घेत न्हाई, एवढंच."

दाजींनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि मग जास्तच शांतता झाली म्हणून पुन्हा वाढवला.

"दुकानात मी तसं बोलायला नको होतं," मी म्हणालो.

"मग कुठं बोलायला पाहिजे हुतंस?" अक्का म्हणाली. "घरात?"

दाजींना हसू आलं. तिलाही आलं असावं, पण ते तिने मला दिसू दिलं नाही. यंत्र हातात घेतलं, एक बटण दाबलं. टक्. रविवारी बघू म्हणाली. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही.

तळ्याच्या दुसऱ्या अंगाला, सिल्व्हर ओकच्या झाडीत आणखी एक डबी आहे. तिचे आकडे मी यंत्रात भरून दिले, पण नकाशा बघितला नाही. माझ्या फोनवरून त्या डबीचं पानच काढून टाकलं. रविवारी झाडीच्या तोंडाशी अक्काने मला रस्त्यावरच्या मोरीचा कट्टा दाखवला.

"इथं बस. मागं बी यायचं न्हाई."

ती आत गेली. साडीचा केशरी रंग खोडांच्या मधून दिसत राहिला, मग दिसेना. मोठं यंत्र माझ्या पिशवीत होतं. का आणलं होतं, देव जाणे. एक विमान गेलं. गुरं परतायला लागली. ती साप बघून घाबरली असेल का, वाट चुकली असेल का, हाक मारावी का, असं सगळं मनात आलं, आणि त्यातलं अर्धं तिच्या काळजीने नव्हतं, मला आत जायचं होतं म्हणून होतं, हेही मला कळत होतं. मी पिशवीचा बंद हाताला गुंडाळून बसून राहिलो.

ती आली ती भलतीकडून, रस्त्याच्या वरच्या बाजूने. केसांत काड्या, पदर फाटलेला, हातात यंत्र.

"सापडली?"

अक्का मोरीवर बसली, चपलेतला काटा उपसला, बाटलीतलं पाणी प्याली.

"तुला कशाला?" ती म्हणाली.

बसमध्ये तिने खिडकीची जागा घेतली. कंडक्टर आला, माझं तिकीट दिलं, आणि मी तिच्या त्या ठरलेल्या वाक्याची वाट बघत राहिलो. ती बाहेर बघत होती. अंगठा बटणांवर फिरत होता, टक् टक्, येलहंका येईपर्यंत.