मी एकही नाव सांगितलं नव्हतं

मी एकदा अकरा बायकांना अडकवलं, आणि तेही त्यांच्यावर उपकार करतेय अशा थाटात.

तेव्हा मी हडपसरला टेलिफोनचे सर्किट बोर्ड बनवणाऱ्या कारखान्यात चेकर होते. प्रत्येक बोर्डामागे तो जोडणारीचा टोकन नंबर असे. सोल्डरिंग कच्चं दिसलं की मी वहीत नंबर टिपून बोर्ड परत पाठवायची. लाइनवरच्या सगळ्या बायकांचे नंबर मला तोंडपाठ, आणि त्याचा गर्व केवढा! हाकसुद्धा नंबरानं मारायची. आता आठवलं की एक ठेवून द्यावीशी वाटते, पण हात तिशीतल्या त्या माझ्यापर्यंत पोचत नाही.

बाजार खुला झाला होता. बाहेरून तयार माल येऊ लागला आणि कंपनीनं ‘कमी करायच्या’ बायकांची यादी काढली. आम्ही चार दिवस गेटवर बसलो. यादी मागे घेतली गेली, आम्ही कामावर परतलो, आणि मग गेटवर कोणकोण बसलं होतं ते शोधायला सरकारनं चौकशी अधिकारी नेमला. आमच्या युनियनची सेक्रेटरी बिबवेवाडीची, पन्नाशीची, शब्द फुकट न घालवणारी बाई. ती गेट मीटिंगला म्हणाली, “कामगाराला एकट्याला बोलावणार. सोबत कुणी चालणार नाही. उत्तर दिलं नाही तर तुरुंग, आत काय विचारलं ते बाहेर सांगितलं तरी तुरुंग. याला चौकशी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. आपण एकट्यानं जायचं नाही.” सगळ्यांनी हात वर केले. माझा सगळ्यांत उंच.

आठवड्यानं समन्स माझ्या घरी आलं आणि मी एकटीच गेले. बाकीच्या घाबरतील, गडबडतील. मी मात्र त्या साहेबाला बरोबर गुंडाळीन, अशी माझी खात्री!

साहेब फारच सभ्य. “बसा ताई. पाणी घ्या. नावं मला नकोतच. उगाच कुणाला त्रास कशाला?” मला वाटलं, वा, काय सुसंस्कृत माणूस! “गेटवर पुढे बसलेल्यांचे नुसते टोकन नंबर आठवतात का?”

आठवतात का म्हणे! मी अकरा नंबर धडाधड म्हटले, पाढे म्हणावेत तसे. एक त्याला नीट ऐकू आला नाही, तर तो मी जरा चिडूनच पुन्हा सांगितला. खाली वळणदार सही केली.

दुसऱ्या दिवशी मीच सेक्रेटरीकडे मिरवायला गेले. “एक नाव काढता आलं नाही त्याला माझ्याकडून!”

“मग आत काय करत होतात?”

“नुसते नंबर दिले.”

तिनं चष्मा काढला. “आणि कंपनीच्या हजेरीपटावर नंबरासमोर काय लिहिलेलं असतं? आरत्या?”

अकराही जणींना समन्स गेली. दहा जणी कायम होत्या. अकरावी यवतमाळकडून आलेली, नवरा वारलेला, वाघोलीला एका खोलीत दोन मुलींना घेऊन राहणारी, आणि अजून टेंपररी. तिला काढायला कंपनीला एक कागद पुरला असता, आणि तो मीच सही करून दिला होता.

पुढच्या गेट मीटिंगला उभं राहून मी सगळं सांगितलं. काय काय ऐकून घेतलं ते लिहीत नाही, नातवंडं वाचतात. सेक्रेटरी एवढंच म्हणाली, “रडायचं ते घरी. इथं चूक निस्तरा.” ठरलं ते असं: तारखेला अकराही जणींबरोबर मी जायचं, कुणीही एकटीनं आत पाऊल टाकायचं नाही, आणि माझा जबाब मी मागे घ्यायचा.

शिपायानं पहिला पुकारा त्या टेंपररी बाईचाच केला. आम्ही बाराजणी उठलो, शिवाय सेक्रेटरी. “एकेक! एकेक!” शिपाई ओरडला. कुणी हललं नाही. साहेब दारात आला. आज पाणीबिणी काही नव्हतं.

“ताई, तुम्ही तरी समजूतदार आहात. उत्तर न देणं गुन्हा आहे, सांगा यांना.”

मी पिशवीतून अर्ज काढला. “उत्तर देऊ ना साहेब. सगळ्यांसमोर देऊ आणि लिहाल त्याची प्रत घेऊन जाऊ. मागचा जबाब तुम्ही मला एकटीला बसवून घेतलात, तो मला मान्य नाही. हा अर्ज.”

“तुरुंगात जाल.”

“मग घरी सांगून ठेवते, डबा तिकडेच पाठवा.”

हे शेवटचं वाक्य माझं, असं मी नातवंडांना सांगते. खरं तर ते सेक्रेटरीचं होतं. मी तेव्हा जिन्याचा कठडा घट्ट धरून उभी होते.

दुपार टळेपर्यंत आम्ही जिन्यावर बसून राहिलो. शेवटी त्यानं सगळ्यांना एकदम आत घेतलं, माझ्या अर्जाची पोच दिली आणि पुढची तारीख लावली. जिंकलो असं म्हणवत नाही. ते अधिकार कागदावर तसेच राहिले, युनियन त्यांच्याविरुद्ध भांडत राहिली. पण आमच्यातली एकही बाई नंतर एकटी आत गेली नाही आणि माझा तो जबाब वापरला गेला नाही. कारखाना बंद पडेपर्यंत त्या टेंपररी बाईची नोकरी टिकली. आता तिथे आयटीवाल्यांची काचेची इमारत आहे.

जिन्यावर बसलो त्या दिवशी संध्याकाळी बसस्टॉपवर ती यवतमाळची माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. समन्स आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच थांबवलं.

“माफी राहू द्या, बाई. राग तं अजून हाये. पण पुढच्या तारखेले माह्याच बाजूले बसजा.”