पंक्चरवाल्याचं पीक

आमच्या छावणीतल्या पंक्चरवाल्याला ट्यूबशी बोलायची सवय आहे. पाण्यात बुडवली, की तो तिला विचारतो, "कुठं दुखतंय गं?"

चर्चमध्ये हंगामाच्या सणाला जो तो आपल्या कष्टाचं पीक वेदीपुढं ठेवतो. यंदा ज्वारी-कांद्यांत त्यानं पंक्चर काढलेली, हवा भरलेली ट्यूब ठेवली. मला हसू आलं.

"हसा की सर. आपल्या वावरात हेच पिकतं."

मी बँकेतला, माझ्याकडं पिकतात नुसत्या सह्या. म्हणून विकतचा भोपळा आणलेला.

पाळक प्रार्थना करू लागले, "प्रभू, ह्या हातांच्या कामाला आशीर्वाद दे."

तेवढ्यात भोपळ्यावरचं मॉलचं स्टिकर दिसलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. मी स्टिकरची बाजू हळूच वेदीकडं फिरवली.

आता ते फक्त देवालाच दिसत होतं.