बहिणीच्या घरचं ताट

सोनईला माझी धाकटी बहीण राहते. नगरहून ते काही लांब नाही. तरी गेली काही वर्षं भाऊबीजेला मी कारणं सांगत आलो. कधी ऑफिसचं काम, कधी पाहुणे. खरं कारण माझं पोट होतं. तिच्याकडे जेवून निघालो की घोडेगाव यायच्या आत कळ उठायची, आणि एसटीतून उतरून आडोसा शोधावा लागायचा.

डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, आतड्यांना जखम नाही, पण ती फार हळवी आहेत. एकेक पदार्थ बंद करून पाहिला. कांदा, लसूण, दूध, गहू आणि हरभऱ्याची डाळ मला सोसत नाही असं निघालं. म्हणजे बहिणीची पुरणपोळी आणि कटाची आमटी त्यात सबंध आली. बायकोने घरचा स्वयंपाक बदलला आणि मी माणसांत आलो. बहिणीला मात्र सांगवेना. तिने हौसेने वाढलेलं भावाने नको म्हणायचं, ही आमच्याकडची रीत नव्हे.

यंदा दाजींचा फोन आला. "काय पाव्हणं, नगरचं पाणी पिऊन आमचा घास कडू लागला व्हय?"

मागून बहिणीचा आवाज आला, "ऱ्हाऊ द्या. त्याला न्हाई यावंसं वाटत."

तो आवाज मला सहन झाला नाही. मी सगळं सांगून टाकलं, आडोशासकट.

तिने दाजींच्या हातून फोन घेतला आणि म्हणाली, "येड्या, एवढंच हुतं? मला वाटलं, माझंच काय चुकलं. काय चालतं ते सांग की!"

भाऊबीजेला गेलो. ओवाळून झाल्यावर ताट आलं. ज्वारीची भाकरी, नुसत्या जिऱ्याच्या फोडणीचं मुगाचं वरण, दोडक्याची भाजी, भात. दाजींच्या आणि भाचरांच्या ताटातही तेच होतं. सणाच्या दिवशी माझ्यापायी सगळ्यांना हे, म्हणून मला ओशाळल्यासारखं झालं.

"अगं, पुरण नाही केलं?"

"केलंय की. संध्याकाळी खातील समदी. तू एकटाच येगळं खात बसनार का?"

दाजी म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या पोटापायी आमचं पुरण लांबलं. आता लाजू नका, जेवा."

मी भात पुन्हा मागून घेतला. ती वाढत असताना मला तिच्याकडे नीट बघता येईना.

निघायची वेळ झाली तेव्हा ती सवयीने म्हणाली, "ऱ्हा की आजच्या दिवस." मी राहिलो.