डंकावरचं इमान

गडमुडशिंगीत मेहमुदाआपानं डंक, म्हणजे चटणी कुटायचं यंत्र, सुरू केला की अर्ध्या गल्लीला शिंका यायच्या. वर्षभराच्या तिखट मसाल्याला तिथं चटणीच म्हणतात. उन्हाळ्यात बायका वाळलेल्या मिरच्या, भाजलेलं खोबरं, तीळ घेऊन यायच्या आणि आपल्या चटणीत दुसरीची मिसळू नये म्हणून पहारा देत बसायच्या. प्रत्येकीला वाटायचं, चटणी काय ती आपल्याच घरची, बाकीच्यांची नुसती लाल माती. आपा सगळ्यांना मान डोलवायची. कुणाकडं धणे किती, कोण दगडफूल सढळ हातानं घालतं, सगळं तिला तोंडपाठ. पण एका घरचं प्रमाण दुसऱ्या घरात जाऊ द्यायचं नाही, हे कांडपवाल्याचं इमान तिला सासूकडून डंकाबरोबरच मिळालं होतं.

दोन हजार सालाच्या आसपास दुकानांत तयार चटणीच्या पुड्या लटकू लागल्या. सुना नोकरीला लागल्या होत्या, मिरच्या वाळवायला कुणाला सवड होती? ऐन एप्रिलात डंक दुपारचा गप्प राहू लागला आणि आपा दिवसाचा गल्ला दोनदोनदा मोजू लागली. नवऱ्यामागं याच डंकानं घर उभं ठेवलं होतं.

तिचा मुलगा तोहिद इचलकरंजीत मागाचे सुटे भाग विकायचा. तो म्हणाला, "अम्मी, आपण बी पुड्या काढू की! तानाबाईच्या चटणीवर सगळं गाव जीव टाकतंय. प्रमाण तुला ठावं हाय. कर आणि इक."

"तोंड संभाळ. ती चटणी माझी न्हाय."

तिनं आपल्या घरची चटणी पुड्यांत भरली. बायका चाखायच्या, "बरी हाय" म्हणायच्या आणि पुडी परत ठेवायच्या. कोल्हापूरकडं 'बरी हाय' म्हणजे सपशेल नापास.

शेवटी आपा पदर खोचून तानाबाईच्या दारात गेली. ही तानाबाई एक नंबरची खाष्ट. मसाला भाजताना सख्ख्या सुनेला, शिवांजलीला, काहीतरी काम काढून बाहेर पिटाळायची.

"मावशी, तुमची चटणी मला इकायची हाय. पुडीवर नाव तुमचं, नफ्यात वाटा तुमचा. नगं म्हणाला तर इषय संपला."

"म्हंजे प्रमाण इचाराय आलीस व्हय?"

"ते मला ठावं हाय. लगीन हून आले तवापासनं."

तानाबाईचे हात सुपातच थांबले. "आनि कुनाला बोलली न्हाईस?"

"तुमचं हाय ते. मी कशी बोलू?"

धंदा, नफा, वाटा यातलं तानाबाईच्या डोक्यात किती शिरलं, देव जाणे. पण परक्या घरच्या बाईनं जिवापाड जपलेली गोष्ट आपण घरातल्या पोरीपासून लपवली, हे तिला झोंबलं. चांगलंच झोंबलं.

"इक," ती म्हणाली. "पर नाव माझं नगं. शिवांजलीचं घाल."

पुढं त्या पुड्या पुण्यापर्यंत गेल्या. मग गावातल्या बाकीच्या बायका भांडायलाच आल्या, "आमच्या चटणीला काय झालंय?" आपानं एकेकीशी बोलून तिच्या नावाची पुडी काढली, आणि चार महिन्यांचा डंक बारमाही झाला. डोकं चालवून धंदा कसा वाढवायचा हे शिकायला तिला कुठल्या कॉलेजात जावं लागलं नाही; बायकांचा तोरा ओळखला, पुरे झालं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी तानाबाई आत वळली आणि खच्चून ओरडली, "शिवांजले! हातातलं ठेव आनि हिकडं ये. बस माझ्याजवळ. आज तुला चटणी शिकवती."